ओजसची दुपारची झोप

बेबीताईंच्या मांडीवर झोपलं नाही असं पोर गावात शोधून सापडायचं नाही. मारेगावकडून येणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचं घर, अंगणात कडुलिंब, लिंबाखाली बाज आणि बाजेवर बेबीताई. कोणाचं लेकरू किरकिरत असलं की त्याची माय त्याला काखेत मारून तडक इकडं यायची. बेबीताई पोराला मांडीवर पालथं घ्यायच्या, पाठीवर थापटायच्या, काहीबाही गुणगुणायच्या, नि घटकाभरात पोर गप्प. नाहीच झालं तर मग जायफळ. सहाणेवर दुधाचे थेंब टाकायचे, त्यावर जायफळ गोल फिरवायचं, एकदा फिरवलं की एक वेढा. असे दोन वेढे, आणि ते बोटानं पोराच्या जिभेवर. "दोन म्हंजे दोन," त्या सांगायच्या. "तिसऱ्याले माहा हात उठतच नाही." गावातले मिसरूड फुटलेले पोट्टे त्यांच्यासमोरून गाडी उडवत जायला बिचकायचे, कारण भर रस्त्यात ऐकावं लागायचं, "काय रे, तुले झोपवता झोपवता माही कंबर गेली, अन् आता मलेच धूळ चारतं का?"

आवाज असा की शेतातल्या माणसाला घरून हाक मारावी. नवरा पुंडलिकराव मात्र एकदम उलटा. हा माणूस दिवसभरात बोलला तर चार वाक्यं बोलणार, त्यातली दोन बैलांशी. आता शेती मुलगा अक्षयच पाहतो, कपाशी, तूर, थोडं सोयाबीन. म्हातारा सकाळी एक चक्कर टाकतो, जेवतो आणि दुपारी कूलरसमोर आडवा होतो. ती त्याची झोप म्हणजे घरातला देव. सून सुरभीसुद्धा त्या वेळात भांडी घासत नाही. शिवाय वेणूआत्या, पुंडलिकरावांच्या मोठ्या बहीण. नवरा गेल्यापासून इथंच असतात आणि बेबीताईंशी रोज सकाळी एकदा भांडल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

लेक अर्पिता नागपूरला बँकेत. जावई अमर कंपनीत, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. अर्पिताच्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलत नव्हता. बेबीताईंनी किती देवांच्या पायऱ्या झिजवल्या ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. मग झाला तो ओजस. पण नातवाचं सुख काय, तर दिवाळीला दोन दिवस. आले की निघाले. गावभरची पोरं मांडीवर घेतली आणि स्वतःच्या लेकीचं पोर मांडीवर पुरतं झोपलंही नाही, हे बेबीताईंना फार लागायचं. कोणाजवळ बोलायच्या नाहीत, पण लागायचं.

यंदा ओजस सहा वर्षांचा झाला आणि मे महिन्यात पहिल्यांदाच अर्पितानं त्याला एकट्याला महिनाभर ठेवायचं कबूल केलं. सोडायला आली तेव्हा निघता निघता म्हणाली, "आई, एक सांगतो, राग नको मानू. त्याले जायफळ, गुटी, असलं काहीच देऊ नको. तिकडच्या डॉक्टरनं नाही म्हनलं."

बेबीताईंच्या तोंडावर आलं होतं, की तू काय डॉक्टरच्या मांडीवर मोठी झाली का? पण पोर दारात उभं होतं, पिशवी पाठीवर, चपला उलट्या घातलेल्या. उगाच तोंड वाजवलं आणि हिनं पोराला परत गाडीत घातलं तर? "नाही देत," त्या म्हणाल्या. "तुही शपथ." आणि गाडी वळणावर दिसेनाशी होताच घरात येऊन त्यांनी दवंडी पिटली, "आइका सगळे! पोराले कोनं जायफळ देल्लं, तर माह्याशी गाठ हाय."

आता ओजसचं सांगतो. पोरगं गोड, त्यात वाद नाही. पण बाप्पा, बूड म्हणून कुठं टेकेल तर शपथ! पहिल्याच दिवशी त्यानं कूलरच्या मागं बसून पाण्याचा पंप काढला, का तर "आजी, आतमध्ये मासा आहे का ते पाहत होतो." पुंडलिकराव घामानं डबडबून उठले आणि तोंडातून शब्द न काढता परसात जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सुरभीच्या दोन्ही पोरींना घेऊन हा गडी गोठ्यात, वासराला फ्रॉक घालत होता. लोणच्याच्या कैऱ्या फोडून ठेवल्या तर त्यातल्या कोया घेऊन अंगणभर पेरणी. घरात रोज कोणी ना कोणी ओरडत होतं, कोणी ना कोणी हसत होतं, आणि वीज तर अशी, जणू पाहुण्यासारखी येऊन पाणी पिऊन जायची.

सगळं सोसलं असतं, पण दुपारी तो झोपायचा नाही. यवतमाळ जिल्ह्यातला मे महिना म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि हा घरातल्यांचा डोळा लागला की कडी काढून पसार. एकदा सापडला तो कुंपणाजवळ, अनवाणी, सरडा धरायला बसलेला. बेबीताईंच्या काळजाचं पाणी झालं. ऊन लागून गेलेली माणसं त्यांनी पाहिली होती. थापटून पाहिलं, गोष्टी सांगून पाहिल्या. गोष्टीतला राजा झोपला, गोष्ट सांगणारी झोपली, पण हा पठ्ठ्या टक्क जागा. "आजी, मग पुढं? आजी! आजी, तू घोरून राह्यली."

गावभर ज्यांचा डंका, त्यांना घरच्या पोरानं हरवलं. वेणूआत्यांना हसायला निमित्तच मिळालं. "काहून वं बेबी, आता तुह्या हातात काही राह्यलं नाही वाटते."

त्या दिवशी कुरडया होत्या. कुरडयांचं काम उन्हाच्या आत उरकावं लागतं, म्हणून पहाटेच चूल पेटली, गव्हाचा चीक शिजला, शेजारणी आल्या, आणि सूर्य वर येईस्तोवर अंगणात साड्यांवर पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या रांगा लागल्या. बाया चहा प्यायला आत वळल्या. तेवढ्यात ओजसनं नळाची नळी ओढून आणली. मामानं शेतात झाडांना थेंबथेंब पाणी देताना त्यानं पाहिलं होतं ना, म्हणून "आजी, मी यांना ठिबक दिलं" असं हसत हसत सांगायला आला. बाहेर जाऊन पाहतात तर अर्ध्या कुरडयांची पेज झालेली. सुरभी मटकन खाली बसली. शेजारणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. बेबीताईंनी पोराच्या पाठीत एक धपाटा घातला, लगेच त्यालाच छातीशी धरलं आणि त्याच्या डोक्यावरून सगळ्यांना दरडावलं, "हसता काय? पाणी देल्लं पोरानं, इस्तो तर नाही लावला!"

पुन्हा चूल, उरलेला चीक, पुन्हा साचा. दुपारचं जेवण होईस्तोवर घरातल्या बायांचे हात गळून गेले. ताटात आंब्याचा रस होता. जेवणं झाली, दारं लोटली, आणि ओजस म्हणाला, "आजी, आता आपण काय खेळायचं?"

बेबीताईंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. सुरभी मागं परसात, आत्या माजघरात लवंडलेल्या, म्हातारा कूलरसमोर. देवळीतून सहाण काढली. पोरगं आता तान्हं थोडंच आहे, असं मनाशी म्हणत दोनाचे तीन वेढे केले, दुधात कालवलं, नि "हे पी माह्या राजा, शक्ती येते" म्हणत पाजलं. मग कुरडयांवर फडकं टाकायला त्या बाहेर गेल्या, तिथं शेजारीण भेटली, बोलण्यात वेळ गेला. परत आल्या तर पोरगं आजोबांच्या बाजूला चित झोपलेलं. बेबीताईंना इतका आनंद झाला! म्हणजे हात अजून गेला नाही आपला. त्याही पदर अंथरून आडव्या झाल्या.

चहाच्या वेळेला सगळे उठले. ओजस उठला नाही. "झोपू दे," आत्या म्हणाल्या. अजून थोडा वेळ गेला. मग बेबीताईंनी हलवलं. डोळे अर्धे उघडले, बुबुळं कुठंतरी तिसरीकडंच, आणि पुन्हा मिटले. तोंड लालबुंद, ओठ कोरडे ठणठणीत. छातीवर हात ठेवला तर आत नुसती धडधड.

"ओजस! ए ओजस! अवं माय, पाह्य ना याले काय झालं!"

"ऊन लागलं," आत्या ओरडल्या. "कांदा आना, कांदा!" सुरभीनं कांदा ठेचून तळपायांना चोळला. ओलं धडपं अंगावर टाकलं. पोर काहीतरी पुटपुटलं, पण त्यात अर्थ नव्हता. अक्षय धावत जाऊन शेजारच्या बाबारावांची गाडी घेऊन आला. कोणी कोणाला चला म्हटलं नाही. पुंडलिकरावांसकट सगळे गाडीत. सुरभीच्या पोरींना शेजारणीकडं ढकललं आणि गाडी मारेगावकडं सुटली.

बेबीताईंच्या मांडीवर पोराचं डोकं. किती वर्षांची इच्छा होती, हे पोर असं मांडीवर गाढ झोपावं! आणि आता त्या त्याचे गाल थापटून थापटून म्हणत होत्या, "उठ रे राजा. उठ ना. सगळ्या कुरडयाईवर पाणी सोड, मी काही म्हनत नाही." मनात एकच चाललं होतं, ते तीन वेढे. तिसऱ्याला हात उठत नाही म्हणणारी मी, मग आज कसा उठला?

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, वयानं सुरभीएवढ्या. त्यांनी पोराला खाटेवर घेतलं, डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला नळी लावली, ताप पाहिला. "उन्हात गेला होता का?"

"सकाळी थोडा," अक्षय म्हणाला.

"ऊन लागल्यासारखं दिसतंय, पण अंग तेवढं तापलेलं नाही. ठोके मात्र फार जोरात आहेत." त्यांनी मान वर केली. "घरात याला काही दिलंय का? कसलंही औषध, मुळी, काढा? खरं सांगा, नाहीतर मला चाचपडत बसावं लागेल."

बेबीताईंच्या डोळ्यांसमोर अर्पिता उभी राहिली. तुही शपथ, असं म्हटलं होतं आपण. हे तिच्या कानावर गेलं की संपलं, हे पोर पुन्हा या दारात येणार नाही, दिवाळीचे दोन दिवससुद्धा नाही. पण पोर वाचलं तरच त्या दाराचं काय ते. गावाला हाक मारणारा आवाज फाटक्या पिशवीसारखा निघाला. "मी देल्लं बाई. जायफळ. तीन वेढे."

"तीन वेढे म्हणजे किती?"

बेबीताईंनी करंगळीचं नख दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि मान हलवली. "एवढ्यानं असं होणार नाही, आजी. अजून काही?"

आणि सुरभी रडायलाच लागली. "आई, मी... मी बी देल्लं. तुम्ही बाहेर गेल्ता तवा हा उठून बसला, कडीले हात घालत होता. मी रसाच्या वाटीत उगाळून टाकलं."

बेबीताई तिच्याकडं वळल्या. तोंड उघडणार तेवढ्यात वेणूआत्या भिंतीकडं बघत म्हणाल्या, "मले का माहीत तुम्ही देल्लं म्हनून? तो माह्याजवळ आला, आत्या गोष्ट सांग म्हने. मी गुळात चाटवलं. चार वेढे. एवढा मोठा घोडा, त्याले दोनानं काय होते?"

"आत्या!" अक्षयनं कपाळावर हात मारला. "अबे, हे घर हाय का काय हाय? तिघी जनी!"

"अजून कोणी आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि त्यांनी सहजच विचारलं होतं. पण दाराजवळ घसा खाकरल्याचा आवाज आला. पुंडलिकराव टोपी हातात घेऊन उभे होते.

"अर्धं," ते म्हणाले.

"अर्धं काय?" बेबीताई म्हणाल्या.

"अर्धं जायफळ. किसनीवर किसलं. साखरेत कालवून देल्लं. झोपतच नव्हता ना तो. माह्या पोटावर बसून राह्यला होता."

खरं सांगतो, त्या क्षणाला बेबीताईंना कळेना की या माणसाचं काय करावं. ज्याला लग्नाला चाळीस वर्षं होऊन मिठाचा डबा कुठं असतो ते ठाऊक नाही, त्याला किसणी कशी सापडली? दुपारी पोराला झोपलेलं पाहून आपण हरखलो, आपला हात अजून गेला नाही म्हणून मनात नाचलो, आणि ही तर चौघांची करणी! संताप तर होताच, आणि त्याच वेळी आत कुठंतरी एक गाठ सैल होत होती, की कारण सापडलं. त्यांनी दोन्हींचा एकच आवाज काढला. त्याला रडणं म्हणावं की ओरडणं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

डॉक्टरीणबाई मोठ्या डॉक्टरांना फोन करून आल्या. "जायफळाचीच नशा आहे. याला उतारा असा काही नसतो. सलाईन लावते, ठोक्यांवर लक्ष ठेवते. अंगातून उतरेपर्यंत थांबायचं. पण ठोके असेच राहिले तर लगेच यवतमाळला हलवायचं, गाडी तयार ठेवायला सांगितली आहे." मग म्हणाल्या, "आणि आता कोणीही त्याला काहीही द्यायचं नाही. पाणीसुद्धा मला विचारून." चौघांनीही एकदम माना हलवल्या.

अक्षयनं अर्पिताला फोन लावला. बेबीताईंनी तो त्याच्या हातातून घेतला. पोराला बरं नाही, ये, एवढंच सांगितलं. बाकीचं तोंडावर सांगायचं होतं. मग त्या खाटेजवळ खाली बसल्या. जन्मभर पोरं झोपवली, आणि आज पोर जागं व्हावं म्हणून बसायची पाळी आली. थापटायला हात जायचा आणि त्या तो मागं घ्यायच्या. सुरभी पायाशी, आत्या बाकावर माळ ओढत, पुंडलिकराव दारात उभेच. कोणी कोणाला दोष दिला नाही. द्यायला कोणी उरलंच नव्हतं.

दिवस कलताना डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी लावली, पुन्हा घड्याळ पाहिलं आणि पहिल्यांदा खुर्चीवर टेकल्या. "उतरताहेत ठोके. यवतमाळला न्यायची गरज नाही." बेबीताईंनी त्यांचे पाय धरायला वाकावं, तर त्या बिचाऱ्या दचकून उठल्या.

अर्पिता आली ती केस विस्कटलेले, बँकेच्या ओळखपत्राचा पट्टा अजून गळ्यात. पोराच्या अंगावरून हात फिरवला, डॉक्टरांशी बोलली. मग आईकडं वळली. बेबीताईंनी काही झाकलं नाही. आपले तीन वेढे आधी सांगितले, मग बाकीच्यांचं. "तुही शपथ घेतली होती मी," त्या म्हणाल्या, "अन् मीच पहिली मोडली." अर्पितानं ऐकून घेतलं, एक शब्द बोलली नाही, आणि पोराच्या उशाशी जाऊन बसली. ते न बोलणं बेबीताईंना धपाट्यापेक्षा लागलं.

सकाळी ओजस उठला. उठला म्हणजे एकदम उठून बसला, हाताच्या सुईकडं पाहिलं, म्हणाला, "मम्मी, तू कधी आली? मला भूक लागली. या नळीतून काय जाते?" आणि नळी कुठं कुठं जोडलेली आहे ते बघायला खाटेवर उभाच राहिला. डॉक्टरीणबाईंनी तपासून पोटभर हसून घेतलं आणि घरी न्यायला सांगितलं.

दवाखान्याबाहेर गाडीत बसताना बेबीताई लेकीजवळ गेल्या. रात्रभर मनात घोळवून ठेवलेलं त्यांनी एका दमात बोलून टाकलं. "घरी चाल, त्याचे कपडे भरून देतो. घेऊन जाय तुह्या पोराले. आमच्याच्यानं नाही सांभाळनं होत. तू सांगून गेल्ती, तरी आम्ही चौघांनी मिळून... ने बाई. मी रडनार नाही." आणि म्हणता म्हणता रडल्या.

अर्पितानं पोराला गाडीत चढवलं. मग दार धरून तशीच उभी राहिली.

"कुठं नेऊ, आई?" ती म्हणाली. "तिथं सुट्टीत तो दिवसभर पाळनाघरात राह्यते. झोपला काय, नाही झोपला काय, कोनं पाहत नाही. यांची रातपाळी राह्यली की घरीच ठेवतो. हे दिवसा झोपतात, अन् हा मोबाइल घेऊन बसते. कालपासून मले तुमचा येवढा राग आला, येवढा राग आला. अन् रात्री त्याच्या उशाशी बसून मोजून राह्यली होती मी. एका दुपारी चौघं जनं त्याले झोपवाले बसले. अन् तिथं एकही नाही." तिनं डोळे पुसले. "जायफळ सगळं फेकून दे. अन् शाळा सुरू होईस्तोवर त्याले राहू दे तुह्याजवळ."

बेबीताईंनी लेकीचा हात घट्ट धरला. गाडीतून पुंडलिकराव म्हणाले, "बसा आता. पोराले भूक लागली." मग त्या बसल्या, आणि ओजस त्यांच्या मांडीवर चढला.